थांबायची जागा

होणारे जावई एक पाय वर उचलून तसेच उभे राहिले आणि मला हसूच आलं. बिचाऱ्याने नाचाची चार पावलं पाठ केली होती, तीही माझ्या लेकीच्या धाकाने. ऐन चौथ्या पावलाला आमचे ढोल गप्प झाले. सगळ्यांचे हात वर, आवाज बंद, आणि मधोमध हा उंचापुरा माणूस एका पायावर. आम्ही पुन्हा सुरू केलं तेव्हा त्याचा पाय भलत्याच ठोक्यावर खाली आला आणि तो माझ्या फोमच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला.

"काय झालं? कुणाचं चुकलं का?" त्याने विचारलं.

"कुणाचं नाही," मी म्हटलं. "तिथे थांबायचं असतं."

"का?"

आता याला काय सांगायचं? इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. "असतं तसं," मी म्हटलं आणि काठी दुसऱ्या हातात घेतली.

"नसतं," माझी लेक म्हणाली. ती दाराशी उभी होती, हाताची घडी घालून, अगदी बापासारखी. "आई, तिथे कधीच थांबायचं नसतं. हे कुठून काढलंत तुम्ही?"

नवऱ्या मुलासमोर शोभा नको म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं दुकान सोफ्यांची कव्हरं शिवायचं. दिवसभर मी आणि दोन बायका शिलाई मारतो. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मशिनी भिंतीला सरकवतो, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या गोल मांडतो आणि ढोल बडवतो. कुणाची खुर्ची तीन पायांची, कुणाच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. पण जागा झकास. छतापर्यंत फोम आणि कापूस रचलेला, तो सगळा आवाज पिऊन टाकतो. शेजाऱ्यांना त्रास नाही.

जागा शोधली आमच्या ह्यांनी. म्हणजे शोधली कसली, मी घरातून हाकललं म्हणून इथे आले. लिफ्ट दुरुस्त करायचे ते. एका जुन्या बिल्डिंगच्या तळघरात त्यांना हा मोठा ढोल सापडला, मालक टाकून देणार होता, तर हे उचलून घरी घेऊन आले. दोन खोल्यांच्या घरात. रविवारी सकाळी. मी म्हटलं, एक तर हा राहील नाहीतर मी. त्यांनी जरा विचार केला. तेवढा विचार केला म्हणून मी दिवसभर बोलले नाही. मग दुकानाची किल्ली त्यांच्यापुढे आपटली आणि म्हटलं, तिथे जाऊन काय बडवायचं ते बडवा.

तेव्हा कापूस एवढा नव्हता. वरच्या मजल्यावर सिस्टर राहते, मोठ्या हॉस्पिटलातली. रात्रपाळी करून आलेली, डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून ती तणतणत खाली आली. ह्यांनी भांडण ऐकून घेतलं आणि शेवटी तिच्या पुढ्यात एक पत्र्याचा डबा ठेवला. "सिस्टर, हा घ्या. राग यावर काढा." तिने खरंच काढला. इतका बडवला की डब्याला खळगे पडले, आणि मग माझ्या शिलाई मशिनवर डोकं ठेवून ती रडली. त्या रात्री तिच्या वॉर्डात एक लहान मूल गेलं होतं. तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती स्वतःचा ढोल विकत घेऊन आली.

असे एकेक जमत गेले. कुणाला नोकरी लागली की तो यायचा, कुणाची सुटली की तोही यायचा. एकाला बायको सोडून गेली होती, तो चष्म्याच्या दुकानवाला. आम्ही त्याला चष्मेवालेच म्हणतो. तो आला तेव्हा हे आजारी पडले होते. त्यामुळे त्याने ह्यांना पाहिलं ते खुर्चीत बसलेलेच.

त्याआधी हे कधी बसून वाजवायचे नाहीत. गोलात फिरायचे, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवायचे, घामाने शर्ट भिजलेला, बाहीला ग्रीस. त्यांचा नियम एकच. चुका, पण थांबू नका. नवं माणूस ठोका चुकलं की घाबरून हात काढून घेतं. तर हे तिथूनच ओरडायचे, "चालू ठेव, चालू ठेव, आम्ही येतो तुझ्यापाशी!" आणि खरंच सगळ्यांना घेऊन त्याच्या चुकीच्या ठोक्यापाशी जायचे. माझी लेक त्या गोलात लहानाची मोठी झाली. कापसाच्या गठ्ठ्यावर झोपायची, इतक्या गोंगाटात, आणि ढोल थांबला की दचकून उठायची.

मग तिला लांबची नोकरी लागली, विमानाने जावं लागतं इतक्या लांबची. आणि ह्यांची छाती भरायला लागली. जन्मभर लोकांच्या लिफ्ट सुरू केल्या, त्यासाठी जिने चढले, आणि आता पहिल्या मजल्याला मध्येच बसावं लागायचं. लेकीला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. फोनवर बोलताना आधी पाणी प्यायचे, दम खायचे, मग एका श्वासात "मजेत आहे ग" म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे. तिला वाटायचं, बाबांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे.

ढोल त्यांनी सोडला नाही. पण चार फेऱ्या झाल्या की दम संपायचा. एके दिवशी काठी वर धरून थांबले. आम्ही सगळे थांबलो. कुणी कुणाकडे बघेना. सगळ्या दुकानात त्यांच्या छातीचा आवाज तेवढा. मग जरा सावरले आणि म्हणाले, "हे नवीन आहे. इथे थांबायचं. ऐकायला बरं वाटतं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हो हो, बरं वाटतं. पुढची फेरी, पुन्हा थांबले, पुन्हा आम्ही थांबलो. चालही हळू होत गेली, एकदम नाही, उतारावरची गाडी सपाटीला लागून हळू होते तशी. जे नंतर आले त्यांनी हे सगळं असंच शिकून घेतलं. चष्मेवाले तर त्यातले गुरुजीच झाले. नव्या माणसांना सांगायचे, "सगळं संगीत या थांबण्यात आहे बरं का."

हे गेले. मोठा ढोल कुणी घेईना, म्हणून मी घेतला. आणि मी थांबत राहिले.

खरं सांगते, मी आठवडाभर त्या थांबण्यासाठी जगायचे. घरात ते मला कुठे सापडत नाहीत. त्यांचे कपडे देऊन टाकले, उशीला वास राहिला नाही, फोटोत तर ते कुणीतरी भलतेच दिसतात. पण दुकानात, चार फेऱ्या झाल्या, सगळ्यांचे हात वर गेले, की त्या गप्प क्षणात मला त्यांचा श्वास ऐकू येतो. शेजारी बसून ऐकायचे तसाच. वेडी म्हणा. मला येतो ऐकू.

आणि आता ही आली, लग्न ठरवून, आणि म्हणते, कुठून काढलंत.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघी खुर्च्या लावत होतो. जावयांना तिने मुद्दाम पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवलं होतं.

"आई, लग्नात मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "दागिने नकोत, साडी तू म्हणशील ती नेसते. फक्त बाबांचा ढोल वाजू दे. जसा होता तसा."

"तोच तर वाजवतो आम्ही."

"हा नाही. हा मला ओळखीचाच वाटत नाही. मी तिकडे एकटी असायचे ना, भांडी घासतानासुद्धा हाताने तो ठेका धरायचे. घरी जाईन तेव्हा ऐकीन, म्हणायचे. आणि आज दारात उभी राहिले तर कुणी परकी माणसं वाजवताहेत असं वाटलं. किती हळू. आणि ते थांबणं. बाबा काय म्हणायचे आठवतंय ना तुला? चुका, पण थांबू नका."

"ते शेवटी असंच वाजवायचे."

"ते आजारी होते म्हणून! तू त्यांचं आजारपण वाजवते आहेस, आई."

माझं डोकं फिरलं. "तुला काय माहीत ते कसे वाजवायचे शेवटी?" मी म्हटलं. "तू होतीस कुठे?"

शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही.

"कुठे होते, ते तुम्ही दोघांनी ठरवलं होतं," ती म्हणाली. "मला कुणी बोलावलंच नाही." आणि ती उरलेल्या खुर्च्या लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मशिनवर बसले आणि एका कव्हराची चेन उलटी लावली. उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. दोन्ही बायका मुकाट्याने काम करत होत्या, कारण मला अशा वेळी काही विचारलं की मी अंगावर येते. दुपारपर्यंत माझं मलाच कळलं की पोरीचं बरोबर आहे. तिला तिचा बाप हवा होता, बाहीला ग्रीस लागलेला. मला माझा हवा होता, शेजारच्या खुर्चीत दम खाणारा. माणूस एकच आणि ढोलही एकच. आणि लग्न तिचं होतं.

पुढच्या जमण्याला मी सांगून टाकलं, "लग्नात थांबायचं नाही. सरळ वाजवायचं. आणि वेगात."

चष्मेवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, असं कसं? मूळ रचनाच बदलते की."

"मूळ रचना वगैरे काही नाही, चष्मेवाले," मी म्हटलं. "त्यांना दम लागायचा."

नव्यांपैकी एक मुलगी ढोलाच्या दोरीशी चाळा करत बसली. चष्मेवाले बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

"मी तर सगळ्यांना तिथे डोळे मिटायला सांगतो," ते हळूच म्हणाले.

"मला माहीत होतं," सिस्टर म्हणाली. "मी तेवढ्या वेळात त्यांच्या ओठांचा रंग बघून घ्यायचे."

एवढी वर्षं एका गोलात बसतो आम्ही, आणि हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, काकू. घ्या काठी."

घेतली. पण छे. चौथ्या फेरीपर्यंत सगळं ठीक, आणि मग सगळ्यांचे हात आपोआप वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नव्या मुलीने एकदा नेटाने पुढे वाजवलं, तर एकटीच पडली आणि लाजून थांबली. "काकू थांबल्या की आमचे हात थांबतात," ती म्हणाली. तिचं खरं होतं. मोठा ढोल ज्याच्याकडे, त्याच्यामागे सगळे. दुसऱ्या कुणाच्या हाती काठी देऊन पाहिली, तर ते सगळे माझ्याच तोंडाकडे बघत वाजवायचे. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि मला तर ती जागा आली की दंड जड व्हायचा, कुणी धरून ठेवल्यासारखा. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मला ते एकदासुद्धा जमलं नाही. लेकीला मी सांगितलं, जमतंय. तिने विश्वास ठेवला नसणार. पण मान हलवली.

लग्न म्हणजे सकाळी कचेरीत सह्या, आणि दुपारी शाळेच्या हॉलमध्ये जेवण. जावयांकडची माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती, आमची दुसऱ्या भिंतीला. कुणी कुणाशी बोलेना. मध्ये एवढी मोठी मोकळी फरशी, आणि तिच्या कडेला आम्ही, दुकानातल्या खुर्च्या घेऊन गेलेलो, त्यातली एक तीन पायांची. ती चष्मेवाल्यांच्या वाट्याला आली होती आणि ते जावयांच्या आत्यासमोर ऐटीत बसायचा प्रयत्न करत होते.

मी सुरू केलं. वेगात, जितका हात चालेल तितका. पहिली फेरी, दुसरी. लेक आणि जावई मध्ये आले. तिने त्याचा हात धरला होता आणि माझ्याकडे पाठ होती तिची. मला वाटलं होतं ती ऐनवेळी माझ्याकडे बघेल, डोळे वटारेल, आठवण करील. तिने बघितलंच नाही. तिचे खांदे वर गेले होते, कानापर्यंत. लहानपणी कुणी रागावणार असं वाटलं की जायचे तसे. माझी पोर तिच्या लग्नात, माझ्या ढोलाच्या गप्प होण्याची वाट बघत नाचत होती.

ती जागा आली. दंड जड झाला. मी मनात म्हटलं, तुम्ही बसा जरा, मी आले. आणि काठी खाली मारली.

ठोका कसला पडला, अगदी वाईट. कडेला लागला, पत्र्यासारखा वाजला. पण पडला. त्याच्यावर सिस्टरचा पडला, मग सगळ्यांचे. दुसऱ्या खेपेला बरा बसला. लेकीचे खांदे खाली आले. आणि मग जे काही झालं ते मी बघत होते आणि ऐकत होते आणि वाजवतही होते, तिन्ही एकदम कसं जमलं ठाऊक नाही. जावई चारही पावलं विसरले आणि मनाला येईल तसे उड्या मारायला लागले. त्यांच्या आत्या उठल्या, आमच्या दुकानातल्या दोघी उठल्या, दोन्ही भिंती मोकळ्या झाल्या. कुणाचा हात कुणाच्या हातात, काही पत्ता नाही. चष्मेवाल्यांची खुर्ची शेवटी मोडली, ते उभ्यानेच वाजवत राहिले. ह्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, आता कसं.

आणि ते आले. खोटं नाही सांगत. पण खुर्चीतले नव्हे. तरणे, घामाने भिजलेले, गोलात फिरणारे, माझ्या पाठीमागून गेले आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. मी किती दिवसांनी त्यांना असं पाहिलं. मला इतका आनंद झाला आणि त्याच वेळी मी दुसऱ्याला शोधत होते, शेजारी, जो आता तिथे नव्हता. इतक्या गोंगाटात त्याचा श्वास कुठून ऐकू येणार? मी रडत होते. घाम होता म्हणून खपून गेलं.

संध्याकाळ व्हायच्या आत हॉल रिकामा करून द्यायचा होता. पाहुणे गेले. जावई मंडळी टेबलं घडी करत होती. दोघं जण दुसऱ्या टोकापासून झाडू मारत येत होते. मी ढोलाची दोरी सैल करायला घेतली, तर लेक आली, साडी वर खोचलेली, अनवाणी. सिस्टरचा लहान ढोल ओढून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"नको सोडूस," ती म्हणाली.

"का ग? हौस फिटली नाही?"

"फिटली." तिने ढोलावर उगाच बोटं फिरवली. "आई, आता तुमचं वाजव."

"आमचं कुठलं?"

"ते थांबायचं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी नव्हते ना तेव्हा. मला तेवढे बाबा माहीतच नाहीत."

मी काठी घेतली. हळू सुरू केलं, अगदी हळू, शेवटी शेवटी असायचं तितकं. ती माझ्या हाताकडे बघत मागोमाग येत होती. एक फेरी झाली, दुसरी, तिसरी. झाडूवाले थांबले, मग पुन्हा झाडायला लागले. चौथी संपली आणि माझा हात वर राहिला. तिचा एक ठोका पुढे पडला, एकटाच. तिने पटकन हात उचलला.

"इथे?" तिने विचारलं.

"इथे."

"किती वेळ थांबायचं?"

"त्यांना श्वास सापडेपर्यंत," मी म्हटलं.

तिने हात वरच धरला, मीही धरला, आणि आम्ही थांबलो.